प्रयोगशाळेबाहेरची उमेदवारी

पीएच.डी. होईपर्यंत संशोधकाला उपकरणे हाताळता येतात, आकडेवारी तपासता येते, शोधनिबंधही लिहिता येतो. वर्ग सांभाळणे, नवख्या विद्यार्थ्याला हाताशी धरून कामाला लावणे, विषयाबाहेरच्या माणसाला आपले काम समजावणे, हे मात्र त्याला आपसूक जमेल असे आपल्याकडे बराच काळ गृहीत धरले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आणली, पण ती नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांसाठी. तोवर हात वळणाला लागलेला असतो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी हे शिक्षण पीएच.डी.च्या काळातच आणले. विषय कोणताही असो, संशोधकाने अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घ्यायचे. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रात्यक्षिके वा मूल्यमापनाचे कामही त्याला देता येते. गाइडच्या बाबतीत हेच नियम मुख्यतः पात्रता आणि संख्या पाहतात. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. चार जणांना सांभाळायचे कसे, हे तो बहुधा स्वतःच्या गाइडकडे पाहूनच शिकतो, आणि गाइड कसा मिळाला हा नशिबाचा भाग.

शेतीच्या क्षेत्रात अशा प्रशिक्षणाची व्यवस्था जुनी आणि जास्त ठोस आहे. कृषी संशोधन सेवेत निवड झालेल्या तरुण शास्त्रज्ञांना आधी हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमीत पायाभूत प्रशिक्षण मिळते. त्यातला काही काळ ते गटाने खेड्यात राहतात, शिवारफेरी करतात, गावकऱ्यांकडूनच गावाचा नकाशा काढून घेतात. पुढे दुसऱ्या संस्थेत अनुभवी शास्त्रज्ञाच्या हाताखाली ३ महिने काम असते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रामीण कृषी कार्यानुभव आहे; राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषिदूत आणि कृषिकन्या नगर जिल्ह्यातल्या गावांना परिचयाचे आहेत.

गावात बोलायचे म्हणजे काय, हे हिवरे बाजारच्या पाण्याच्या ताळेबंदावरून कळते. नगर तालुक्यातले हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास तेथे पाणलोटाच्या कामांना सुरुवात झाली. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही, हे गावाने ठरवून घेतले. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून रब्बीला कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरते.

इथे पर्जन्यमापकातला आकडा नुसता वाचून दाखवणे पुरत नाही. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते १०,००० लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे एका मिलिमीटरला जवळपास ९८ लाख लिटर. ऐकायला पाणी भरपूर वाटते, म्हणून पुढचे सांगणे महत्त्वाचे. त्यातले काही वाहून जाते, बरेचसे बाष्प होऊन उडते; खडकात मुरते ते थोडे, आणि किती मुरले याचा अंदाजच करावा लागतो. ‘भूजल पुनर्भरण’ म्हणून शास्त्रज्ञ थांबला, तर शेतकऱ्याचा प्रश्न तसाच राहतो: गहू करू का हरभरा? गव्हाला पाण्याच्या पाळ्या जास्त लागतात. तेव्हा अंदाज कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे सांगावे लागते. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्याचा हिशेब पाळ्यांत मांडावा लागतो. कोणत्या विहिरीचे पाणी आधी तळाला जाते, हे ऐकूनही घ्यावे लागते, कारण ती माहिती शास्त्रज्ञापेक्षा गावाकडे जास्त असते.

वर्गातल्या पाठाचे मूल्यमापन निरीक्षक तासाभरात करतो. ताळेबंदातला अंदाज कितपत बरोबर होता, हे उन्हाळ्यात विहिरींची पातळी पुन्हा मोजल्यावर समजते, आणि त्यावरून पुढच्या वर्षीचे गणित दुरुस्त करता येते.