एक डोह, अनेक गळ : नदीकाठचे शिष्टाचार आणि त्यामागचे भौतिकशास्त्र

उन्हाळ्यात झाशीजवळ बेतवा पाहिलीत तर पात्रात खडक उघडे पडलेले आणि पाणी डोहांत साठलेले दिसते. मासे डोहात गोळा होतात, गळ टाकणारेही तिथेच येतात. एकमेकांचा खेळ न बिघडवता तिथे कसे बसायचे, हे पुष्कळसे माशाला काय दिसते आणि काय जाणवते यावर ठरते.

पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश. पाण्याखालून बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. मासा १ मीटर खोल असेल तर या खिडकीचा व्यास सुमारे २.३ मीटर. क्षितिजालगतच्या वस्तू तिच्या कडेला चेपून, अस्पष्ट दिसतात. उंच खडकावर उभा राहिलेला माणूस मात्र ठळक दिसतो. तुम्ही उभे राहिलात की शेजाऱ्याच्या आमिषाजवळ आलेला मासाही बुजतो. म्हणून बसा, आणि सावली पाण्यावर पडू देऊ नका.

आवाजाचे गणित वेगळे. हवेतल्या आवाजाची जेमतेम हजारावा भाग ऊर्जा पाण्यात शिरते, तेव्हा हळू गप्पा चालतील. पण खडकावर आपटलेल्या पावलाची किंवा नावेत पडलेल्या डब्याची कंपने थेट पाण्यात उतरतात आणि सेकंदाला सुमारे १४८० मीटर वेगाने पसरतात. (इतरांना गप्प करणारेच पुष्कळदा बूट आपटत फिरतात!)

आधी आलेल्याला विचारूनच जवळ बसा, त्याच्या दोरीवरून आपली दोरी टाकू नका. कोणाच्या गळाला मासा लागला की आपला गळ लगेच गुंडाळून घ्या. स्कॉटलंडच्या सामन नद्यांवर प्रत्येक जण गळ फेकून एक पाऊल प्रवाहाच्या दिशेने सरकतो. नवा माणूस मागून, वरच्या टोकाला येतो. आपल्या साचलेल्या डोहात ते जमत नाही. तरीही पहाटे पिशवी ठेवली म्हणून दिवसभर जागा आपली, हे मला पटत नाही. ढीमरांचे जाळे पडले असेल तर तुम्हीच बाजूला व्हा. तुमचा तो छंद, त्यांची ती भाकरी. स्फोटके आणि विष यांना तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच मनाई केली.

आणखी एक गोष्ट. बेतवेवर माताटीला, पारीछा अशी धरणे आहेत. पाणी सोडले की खालची पातळी झपाट्याने वाढते आणि मधल्या खडकावर बसलेला अडकतो. पाणी गढूळ होताना किंवा काठाची ओली रेघ बुडताना दिसली, तर आधी खालच्या बाजूच्या माणसाला हाक मारा, मग आपले सामान उचला.