इथेनॉलमधलं शेवटचं पाणी

इथेनॉलचं कितीही ऊर्ध्वपातन करा, नेहमीच्या दाबाला ते वजनाने सुमारे 95.6 टक्क्यांवर अडतं. पुढचं पाणी झिओलाइट 3ए या सच्छिद्र पदार्थाचे मणी काढतात! त्यांची छिद्रं साधारण 3 अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरच राहतो.

सक्रिय कार्बनच्या रुंद छिद्रांत मात्र दोघंही शिरतात आणि खरं गणित तिथे सुरू होतं. द्रवात बुडालेलं छिद्र रिकामं नसतं. नवा रेणू येतो तो आधीच्याला हुसकावूनच. म्हणून बाहेरच्या द्रवाच्या तुलनेत आत एखादा घटक किती जास्त आहे, ते मोजतात.

मिश्रणातलं काय किती आत जाईल, याचा अंदाज आधीही बांधता येतो. संशोधक मायर्स आणि प्रॉसनिट्झ यांनी 1965 मध्ये एकेकट्या वायूंच्या मोजमापांवरून त्यांच्या मिश्रणाच्या अधिशोषणाचा, म्हणजे छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटण्याचा, अंदाज बांधायची रीत दिली. 1972 मध्ये रॅडके आणि प्रॉसनिट्झ यांनी ती विरल द्रावणांपर्यंत नेली. पाणी शुद्ध करणाऱ्या कार्बनचा हिशेब मांडताना ती आजही कामी येते!