स्वयंपाकघराची दुरुस्ती बिघडते तेव्हां

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं राहत्या घरांतील स्वयंपाकघर मोडून तें नवें करण्याची रीत नसावी. नाहीं तर म्हणीला तिसरा चरण खास जोडला गेला असता. घर बांधतांना माणूस दुसरीकडे राहत असतो. स्वयंपाकघराचें तसें नाहीं. तें राहत्या घरांतच मोडावें लागतें, आणि फरशी उखडली म्हणून घरांतील माणसांना दोन वेळां लागणारी भूक कांहीं थांबत नाहीं. साहजिकच काम सुरू झालें कीं तें लौकर संपावें, एवढी एकच इच्छा घरांत उरते. गवंडी, प्लंबर व सुतार या तिघांनाही ही इच्छा मनापासून पटते. चुका होतात त्या याच घाईंत, आणि झांकल्या जातात त्याही याच घाईंत.

एखाद्या शहरांतील चाळीसएक वर्षांची इमारत आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावरील एक बिऱ्हाड डोळ्यांपुढें आणावें. कडाप्प्याचा जुना ओटा निघून ग्रॅनाइटचा आला, कोपऱ्यांतील मोरी जाऊन तिच्या जागीं सिंक बसलें, उघडे नळ भिंतीच्या पोटांत गेले, आणि तीन आठवड्यांचें म्हणून सांगितलेलें काम सात आठवड्यांनीं पुरें झालें. नव्या ओट्यावर दूध उतूं घालण्याचा समारंभही यथासांग पार पडला. त्यानंतर पंधरा दिवसांनीं खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर येतात आणि म्हणतात, "सूनबाई, आमच्या देव्हाऱ्यावर पाणी ठिबकतें आहे. जरा खालीं येऊन पाहा बरें." मिस्त्रीला बोलावणें जातें. तो खालीं जाऊन छताकडे पाहतो, वर येऊन फरशीवर टांच आपटून पाहतो आणि सांगतो, "वहिनी, नवीन काम आहे. आठ दिवसांत ओल सुटेल." जातांना तो फरशीच्या दोनचार सांध्यांत पांढरें सिमेंट भरतो आणि राहिलेल्या पैशांची आठवण करून देतो.

या क्षणीं जें ठरतें त्यावर पुढचें सारें अवलंबून असतें. बहुतेक घरांत मिस्त्रीचें म्हणणें मानलें जातें, कारण तें खरें असावें अशी सर्वांचीच इच्छा असते. परंतु नव्या कामांतील ओल दिवसागणिक कमी होत जाते. काम संपून पंधरा दिवस झाल्यावर जें ठिबकणें सुरू होतें ती ओल नव्हे, ती गळती होय. आणि गळती लहान म्हणून क्षुल्लक नसते. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तें चार लिटरांहून अधिक पाणी झालें. एवढें पाणी रोज स्लॅबमध्यें शिरत राहिलें म्हणजे आंतील लोखंडी सळ्या गंजूं लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापतो. त्या फुगवट्यानें सळीखालचें कॉंक्रीट तडकतें आणि एके दिवशीं त्याचा थर खालच्या घरांत कोसळतो. आज देव्हाऱ्यावर पाणी पडतें आहे, उद्यां तेथें दुसरेंच कांहीं पडेल.

म्हणून अशा वेळीं मिस्त्रीचा राहिलेला पैसा आणि पांढरें सिमेंट या दोहोंनाही आवर घालावा, आणि पाणी कोठून येतें एवढाच प्रश्न प्रथम हातीं घ्यावा. तो सोडविण्यास फोडाफोड लागत नाहीं. लागते ती चिकाटी आणि एक वही.

स्वयंपाकघरांतील पाण्याचे मार्ग मोजकेच असतात. टाकींतून येणाऱ्या नळींत पाणी सदैव दाबाखालीं असतें. तिचा सांधा सुटला असेल, तर घरांत कोणी असो वा नसो, ठिबकणें रात्रंदिवस एकसारखें चालतें. सिंकखालची सांडपाण्याची नळी मात्र वापराच्या वेळींच भरते. तिच्यांतील गळती भांडीं घासल्यानंतर वाढते व मध्यरात्रीं मंदावते. दोष फरशींत किंवा जमिनींतील जाळीच्या कडेला असेल, तर खालीं पाणी दिसतें तें फरशी धुतल्यावरच. आणि पावसाळा चालूं असेल तर बाहेरच्या भिंतीवरचा संशय विसरतां येत नाहीं. तेव्हां एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पहिले दोन दिवस स्वयंपाकघराकडे येणाऱ्या नळाचा कॉक बंद ठेवून पाहावें. पुढचे दोन दिवस नळ चालूं ठेवून सिंक वापरूं नये. नंतर सिंकमध्यें रंग कालवलेलें पाणी सोडावें आणि खालच्या डागांत तो रंग उतरतो कीं काय तें पाहावें. प्रत्येक प्रयोगाला दोन दिवस देण्याचें कारण असें कीं, फरशीखालचा थर पाणी साठवून ठेवतो; नळ बंद झाला तरी तें सांठलेलें पाणी दीडदोन दिवस गळत राहतें, आणि घाईंत निष्कर्ष काढणारा मनुष्य निर्दोष नळीला दोषी ठरवितो. खालच्या आजोबांनीं छताकडे पाहून सकाळ-संध्याकाळ वहींत दोन शब्द लिहावे, एवढी विनंति त्यांना अवश्य करावी. ज्याच्या घरांत पाणी पडतें त्याला तपासांत भागीदार करून घेतलें, तर भांडणाची निम्मी धार बोथट होते.

वर कल्पिलेल्या घरांत बहुधा तिसरा मार्गच दोषी निघेल, आणि त्यामागचें कारण जाणून घेण्यासारखें आहे. जुन्या मोरीच्या फरशीखालीं विटांच्या तुकड्यांचा व सिमेंटच्या मालाचा कोबा असतो. त्याला जाळीकडे उतार दिलेला असतो. फरशी पाणी अडविते असा सर्वसाधारण समज आहे, तो चुकीचा आहे. फरशीच्या सांध्यांतून थोडेंबहुत पाणी नेहमींच खालीं जातें. तें कोब्यावरून वाहत जाळीपाशीं पोंचतें म्हणूनच खालचें घर कोरडें राहतें. मोरी काढतांना घणाचे घाव या कोब्यावर पडतात. तो तडकतो, कधीं अर्धा उखडला जातो, आणि वर नव्या फरशा सपाट बसविल्या जातात. पाण्याला मग जाळीची वाट उरत नाहीं. भेगेची तेवढी उरते. अशा ठिकाणीं सांध्यांत पांढरें सिमेंट भरणें म्हणजे फुटक्या घागरीला बाहेरून कुंकू लावण्यासारखें आहे. खालच्या छताला गळतीरोधक रंग देण्याचा सल्लाही पुष्कळ मिळतो. त्यानें डाग कांहीं काळ दिसेनासा होतो, पण पाणी स्लॅबच्या पोटांतच कोंडतें आणि सळ्यांना अधिकच पोखरतें.

निष्कर्ष निघाला कीं नवी फरशी पुन्हा फोडावी लागते. सर्वांत कठीण घटका हीच. पैसा गेल्याचें दुःख असतेंच. पण पहिल्या सात आठवड्यांत जो गैरसोईचा संसार नव्याच्या ओढीनें सुसह्य झालेला असतो, तो दुसऱ्यांदा कोणालाच सोसवत नाहीं. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वीं चूल नीट मांडून घ्यावी. मधल्या खोलींत, खिडकीजवळ, टेबलावर शेगडी असावी व सिलिंडर खालीं उभा असावा. या वायूचें वजन हवेहून जास्त असल्यानें तो गळल्यास जमिनीलगत साचतो. बंदिस्त कपाटांत किंवा पडद्याआड सिलिंडर ठेवणें म्हणूनच घातक आहे. नळाचा वायू असेल तर त्याची नळी प्लंबरकडून परस्पर हलवून घेऊं नये; तें काम वायू पुरविणाऱ्या कंपनीच्या माणसाचेंच. भांडीं न्हाणीघरांत घासावीं. डाळ-तांदळाचे डबे धुळीपासून दूर, शेजघरांत गेले तरी बिघडत नाहीं. महिनाभर दोन भाज्यांऐवजीं एक भाजी झाली, तर घरांतील कर्त्या पुरुषांनीं ती मुकाट्यानें खावी, हें निराळें सांगावयास नकोच.

दुसऱ्या वेळीं कामाचा क्रम मात्र घरच्यांनीं आपल्या हातीं ठेवावा. भिंतींतील नळ्या बुजविण्याआधीं त्यांचीं तोंडें बंद करून हातपंपानें दाब द्यावयाचा आणि दाबमापकाचा कांटा उतरतो कीं काय तें पाहावयाचें. उघड्या नळ्यांशेजारीं टेप धरून छायाचित्रें घ्यावयाचीं. कारण पुढें सुतार कपाट ठोकतांना नेमका तेथेंच गिरमिट चालवितो, आणि बऱ्याच घरांतील गळतीचा जन्म प्लंबरच्या नव्हे, सुताराच्या हातून झालेला असतो. नंतर कोबा उतार धरून पुन्हा घालावयाचा. त्याला पाणी मारण्यांत कसर करूं नये. भारतीय मानक संस्थेच्या सन २००० च्या कॉंक्रीटविषयक मानकाप्रमाणें साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. हल्लीं बाजारांत मिळणारें पुष्कळसें सिमेंट मिश्रच असतें. कोबा पक्का झाल्यावर जाळी बुजवून, दाराशीं लहानसा बांध घालून, इंचभर पाणी ४८ तास कोंडून ठेवावें आणि खालच्या छताकडे पाहावें. तें कोरडें राहिलें तरच पहिली फरशी बसवूं द्यावी. ही परीक्षा पहिल्याच वेळीं झाली असती तर दोन दिवस गेले असते.

फोडण्याच्या भीतीनें कित्येक जण जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवितात. त्यांत स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीपेक्षां उंच होतें आणि सांडलेलें पाणी दिवाणखान्याकडे वळतें, एवढाच तोटा नाहीं. दोन इंच जाडीचा माल व फरशी यांचें वजन दर चौरस मीटरला सुमारें १०० किलो भरतें. आठ फूट बाय दहा फूट स्वयंपाकघरांत तें साडेसातशे किलोंच्या आसपास जातें. राहत्या घरांतील माणसें व सामानसुमान यांच्यासाठीं स्लॅबचा हिशेब साधारणतः चौरस मीटरला २०० किलो धरून केलेला असतो. त्यांतील निम्मा वांटा फरशीनेंच खाल्ला, असा त्याचा अर्थ.

पाण्याच्या चुकीला उपाय तरी असतो. भिंतीच्या चुकीला तो असेलच असें नाहीं. स्वयंपाकघर मोकळें दिसावें म्हणून मधली भिंत पाडण्याची हौस अलीकडे वाढली आहे. जुन्या विटांच्या इमारतींत अशा भिंतीवर वरचे मजले उभे असतात. सिमेंटच्या सांगाड्याच्या इमारतींत भिंत पाडतां पाडतां खांबाला धक्का लागतो. २५ जुलै २०१७ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसें दगावलीं. तळमजल्यावर फेरबदलाचें काम चालूं होतें आणि त्यांत खांबांना हात लावला गेला, असा आरोप रहिवाशांनीं केला होता. भिंत ठोकून तिचा आवाज ऐकणारा मिस्त्री कितीही अनुभवी असो, ती पाडावी कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार इमारतीचे नकाशे पाहणाऱ्या अभियंत्याचाच आहे. नळासाठीं भिंतींत चर खणण्यालाही मर्यादा असते. भार वाहणाऱ्या विटांच्या भिंतींत उभा चर जाडीच्या एकतृतीयांशाहून आणि आडवा चर एकषष्ठांशाहून खोल नसावा. आडवा चर भिंतीला कापतो. मिस्त्रीला मात्र तोच सोईचा वाटतो. कोणी असा चर खणावयास घेतला असेल, तर काम त्याच घटकेला थांबवावें.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें बाहेरच्या सामाईक नळ्यांची दुरुस्ती संस्थेकडे येते, तर घरांतील सिंक व अंतर्गत जोडणीमुळें होणारी गळती सभासदानें स्वखर्चानें बंद करावयाची असते. म्हणजे आजोबांपुढें वरचे बिऱ्हाडच उत्तरदायी. मिस्त्रीशीं त्यांचा कांहींएक संबंध नाहीं. मिस्त्रीशीं झगडावयाचें तें घरमालकानें, आणि त्यासाठीं हातांत कागद हवा. काम कोणतें, माल कोणता, कोणत्या टप्प्याला किती पैसे, हें एका पानावर लिहून दोघांच्या सह्या झालेल्या असल्या तर बहुतेक तंटे त्या पानापुढेंच मिटतात. शेवटचा हप्ता ४८ तासांच्या परीक्षेनंतर, असें एक वाक्य त्यांत असावेंच. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते. तिची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, आणि कामाचा मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथें फी पडत नाहीं. छायाचित्रें, पावत्या आणि ती गळतीची वही तेथें उपयोगी पडते.

वरचें काम उरकल्यावर खालचें छत लगेच रंगवून देण्याची घाई वरच्या घराला होते; त्यांत थोडा अपराधीपणा असतो व थोडा लोकलाजेचा भाग. पण भिजलेलें छत वाळण्यास आठवडे लागतात, पावसाळ्यांत त्याहूनही अधिक. पाण्याबरोबर खालीं उतरलेले क्षार वाळतांना पांढऱ्या पिठासारखे फुलून येतात. यालाच लोणा लागणें म्हणतात. तो कोरड्या कुंचल्यानें झाडावा. ओल्या फडक्यानें पुसला तर विरघळून पुन्हा आंत जातो. सुटे झालेले पोपडे आधींच काढून टाकावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि झाडलेल्या जागीं लोणा पुन्हा फुलेनासा झाला म्हणजे मग रंगाऱ्याला बोलवावें. तोंवर आजोबांचा देव्हारा समोरच्या भिंतीशीं हलवून ठेवावा, आणि तो उचलण्याला वरच्या घरांतील दोन माणसांनीं जावें.