आमवात आणि रक्ताची साक्ष

राजगडाच्या पायथ्याशी वसलेल्या गुंजवणे गावी, आषाढाच्या चिखलात दिवसभर ओणवे राहून भाताची लावणी करणाऱ्या बाईने बोटे दुखतात असे म्हटले, तर घरची मंडळी कष्टाला नाहीतर वाताला बोल लावून मोकळी होतात. परंतु जे दुखणे विश्रांतीने न उतरता उलट सकाळी अधिकच बळावते, तासभर मूठ वळू देत नाही आणि दोन्ही हातांचे तेच ते सांधे सुजवते, ते केवळ श्रमाचे नव्हे. तो आमवात, म्हणजे डॉक्टरांचा ‘र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’, असण्याचा संभव मोठा. याच जिल्ह्याच्या पूर्वेस, भिगवण येथे, डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली जी पाहणी सुरू केली, तिच्यात दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकास हा विकार आढळला.

या रोगात शरीराचा स्वपरविवेकच ढळतो. जंतूंच्या प्रतिकारासाठी रक्तात जी प्रतिपिंडे निर्माण व्हावयाची, ती स्वतःच्याच घटकांविरुद्ध निर्माण होऊ लागतात. नॉर्वेचे एरिक वॉलर यांनी १९४० मध्ये ज्याचे वर्णन केले तो ‘आरए फॅक्टर’ तर प्रतिपिंडावरच उठलेले प्रतिपिंड होय. दुसरी ‘अँटी-सीसीपी’ प्रतिपिंडे अधिक नेमकी: प्रथिनातील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झाले, की ते बदललेले प्रथिन काहींच्या शरीरास परके वाटू लागते. विडी-सिगारेटच्या धुराने हे रूपांतर फुप्फुसात वाढते, आणि हिरड्यांच्या जुनाट रोगाचाही त्यात हात असावा असा संशोधकांचा कयास आहे. विलक्षण हे, की पहिला सांधा सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे ही प्रतिपिंडे रक्तात सापडू शकतात.

तथापि प्रयोगशाळेचा कागद हा मुकदम्यातील एक साक्षीदार आहे, निकाल नव्हे. आरए फॅक्टर काही धडधाकट वृद्धांत, क्षयाच्या किंवा ‘क’ प्रकारच्या काविळीच्या रुग्णांतही आढळतो. उलट आमवात झालेल्या कित्येकांच्या रक्तात दोन्हीपैकी एकही प्रतिपिंड नसते. केवळ त्या कागदावरून जन्मभराची औषधे सुरू करणे जितके गैर, तितकेच त्यावरून रुग्णास निर्धास्त करून परत पाठवणेही गैर, असे माझे स्पष्ट मत आहे. हाडांची झीज पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुरू होऊ शकते, आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट वैद्यकीय देखरेखीखाली वेळेवर मिळाले तर ती पुष्कळ अंशी रोखता येते. म्हणून सूज सहा आठवडे टिकली, तर अहवाल काहीही सांगो, संधिवाताच्या तज्ज्ञास ते हात अवश्य दाखवावेत.