तळातल्या माशांचं दशक

सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि प्रभादेवीहून परळला जाणं वळशाचं झालं. त्याच सुमारास आमच्या भागातलं शोभेच्या माशांचं शेवटचं दुकानही मिटलं. पुलाबद्दल सगळे बोलले, दुकानाबद्दल कोणीच नाही.

१९५१ साली मरिन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. गिरणगावातल्या कितीतरी पोरांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. मासा घरात आला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि आला तो गोल बरणीतला गोल्डफिश म्हणून. त्या वर्षांत सांगण्यासारखं फारसं काही नाही.

सांगायचंय ते नव्वदच्या दशकाचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले, पण चाळी भरलेल्या होत्या आणि खोल्याखोल्यांतून टीव्हीशेजारी दोन फुटी टाकी आली होती. आमच्या टाकीत तळाला कोरिडोरास होते. दुकानातलं त्यांचं नाव कोरी. दोन-अडीच इंचांचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा मार्जारमिशांचा आणि अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत घातलेला. कोणाच्या वाटेला जात नाही. मिशांनी वाळू चाळत दिवसभर फिरतो, मध्येच सुसाट वर जातो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाला येतो. ही हवा तो आतड्यातून शोषून घेतो.

दुकानदार एकटा कोरी विकत नसे. “अहो, सोबतीशिवाय तो खातच नाही नीट. सहा न्या, नाहीतर पैसे जमवून या,” असं गिऱ्हाईक परत जाईल याची पर्वा न करता सांगायचा. टोकदार खड्यांनी मिशा झिजतात, म्हणून बारीक वाळू घालायला लावायचा. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मगच टाकीत घालायचं, हेही त्याचंच सांगणं. जून उजाडला, पहिल्या सरींनी पाणी गार झालं, की मादी पोटाखालच्या परांत अंडी धरून काचेवर चिकटवत फिरायची. ते बघायला अख्खा मजला जमायचा. त्या दशकात आम्ही जे जीवशास्त्र शिकलो ते शाळेत शिकलो नाही.

पुढे टॉवर आले, आणि त्यांच्याबरोबर फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना. मोठ्या कपाळाचा मासा घरात पैसा आणतो असं सांगणारे वास्तुसल्लागार मला तेव्हाही सहन होत नव्हते, आजही होत नाहीत. त्यांनी मासा पाहायला कधीच शिकवलं नाही, त्याची किंमत विचारायला शिकवलं. गप्प राहणारे, तळाला राहणारे जीव दिवाणखान्यातून हद्दपार झाले. राहिले ते ‘सफाईवाले’ म्हणून.

याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. आज मोबाइलवर मागवलेला कोरी एकटाच पिशवीतून येतो, सोबत चिठ्ठी असते, ‘टाकी स्वच्छ ठेवतो’. तो विष्ठा खात नाही. शेवाळ खाऊन काच साफ करणं हेही त्याचं काम नव्हे. वरच्या माशांच्या उष्ट्यावर त्याचं भागत नाही. त्याला तळाला जाणाऱ्या गोळ्या लागतात, त्याही दिवे मालवल्यावर मुद्दाम घातलेल्या. सफाईच्या भरवशावर हजारो घरांत हा मासा हळूहळू उपाशी मरतो आणि मालक पाण्याला दोष देतो.

२०२४ मध्ये संशोधकांनी कोरिडोरास हा वंश अनेक वंशांत विभागला. पितळी कोरी आता ऑस्टिओगास्टर झाला, ठिपक्यांचा होप्लिसोमा. या ठिपक्यांच्या माशाचे पहिले नमुने डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते. एवढा इतिहास असलेला जीव आपण झाडूच्या भावाने विकतो.

तारापोरवाला २०१५ मध्ये ॲक्रिलिकच्या बोगद्यासह नवं होऊन उघडलं आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याला कुलूप लागलं. पुन्हा बांधाल तेव्हा बोगदा खुशाल करा, पण आधी लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वाळूची एक तीन फुटी टाकी ठेवा. तिच्यात दहा-बारा कोरी सोडा, आणि शेजारी त्यांना काय खायला घालायचं ते मराठीत लिहा.