अक्रोड एकटा विकू नका, त्याची जोडी विका!



दिवाळीच्या आधीची गोष्ट. भांडुप पश्चिमेच्या एका ताईंनी मला डबा आणून दिला. आत अक्रोड बर्फी. भिशीचे चार हजार रुपये उचलून त्यांनी माल भरला होता. नातेवाइकांनी "एकदम मस्त" म्हणून सर्टिफिकेट दिलेलं. पहिले पंधरा डबे ओळखीत गेले, पण दुसऱ्यांदा ऑर्डर कुणाचीच आली नाही. एका गिऱ्हाइकाने तेवढं तोंडावर सांगितलं, "ताई, खाल्ल्यावर जिभेवर कडू राहतं."

ताईंनी मला विचारलं, "सर, साखर वाढवू का?"

इथेच आपले बरेच नवउद्योजक फसतात. साखर वाढवली तर बर्फी जास्त गोड होईल, कडूपणा जाणार नाही. साखरेकडे गोडव्याशिवाय देण्यासारखं काही नाही. अक्रोडाला जोडीदार लागतो, आणि तो स्वतःची चव असलेला लागतो. आज हेच समजून घेऊ, कारण ही जोडी बरोबर जमली की चव सुधारते आणि खर्चही कमी होतो.

आधी अक्रोडाचा स्वभाव ओळखा

अक्रोडाच्या गरावर जो पातळ तपकिरी पापुद्रा असतो, त्यात टॅनिन असतं. चहा जास्त उकळला की जो तुरटपणा येतो, त्याच जातीचं हे प्रकरण. गर मात्र लोण्यासारखा. 100 ग्रॅम अक्रोडात साधारण 65 ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे बदाम-काजूपेक्षा बराच जास्त. आणि ही स्निग्धता हवा, उजेड, उष्णता लागली की लवकर खवट होते.

म्हणजे तीन गोष्टी झाल्या: बाहेरून तुरट, आतून तेलकट, आणि टिकायला नाजूक. जोडीदार निवडताना या तिन्हींचा विचार करायचा.

पहिलं काम भाजणं. ओव्हन असेल तर 160 डिग्रीला 8 ते 10 मिनिटं, नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर. खमंग वास सुटला की लगेच उतरवा, कारण अक्रोड करपला की कडूपणा दुप्पट. गरम असतानाच सुती पंचात घेऊन चोळा. सगळा पापुद्रा निघणार नाही, पण सुटेल तेवढा झटकून टाका. ताईंनी ही पायरीच घेतली नव्हती.

जोडी जमवायच्या चार वाटा

एक, दाट गोड. खजूर, अंजीर, बेदाणे, गूळ. यांचा गोडवा जड आणि चिकट असतो, तो तुरटपणाला कवेत घेतो. आपल्या आज्यांना हे माहीतच होतं. डिंकाच्या लाडवात खारीक, गूळ आणि जायफळाच्या संगतीत अक्रोड पडला तर कुणी कडू म्हणत नाही. आणि हा माल आपल्याच राज्यात आहे: पुरंदरचे अंजीर, सांगलीचे बेदाणे, कोल्हापूरचा गूळ. या तिघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खरेदी खरोखर तिथून असेल तर डब्यावर ते नाव लिहा, गिऱ्हाईक थांबून वाचतं.

दोन, आंबट. आंबटपणा तेलकटपणा कापतो. इराणमध्ये फेसेंजान नावाचा रस्सा करतात, त्यात वाटलेला अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस असतो. काश्मीरमध्ये अक्रोडाची चटणी दह्यात करतात. आपल्याकडे सोलापूरचं डाळिंब आहे, नागपूरचं संत्रं आहे. संत्र्याची किसलेली साल अक्रोडाच्या केकमध्ये घालून बघा, केक हलका लागतो. साल किसताना आतला पांढरा भाग मात्र येऊ देऊ नका, तोही कडूच.

तीन, भाजका कडू. चॉकलेट आणि कॉफी. इथे गंमत अशी की कडवट चव लपवायची नसते, तिला तिच्यासारखीच सोबत द्यायची असते. लोणावळा म्हणजे चिक्कीचं गाव, तरी तिथल्या कूपर्सच्या चॉकलेट वॉलनट फजसाठी लोक वाट वाकडी करतात. वॉलनट ब्राउनी तर आज गल्लीतल्या बेकरीतही मिळते. म्हणून ब्राउनीत उतरायचं असेल तर स्पर्धा मोठी आहे, हे धरून चाला.

चार, तिखट-खारट. लसूण, लाल मिरची, मीठ. जॉर्जिया देशात सात्सिवी करतात, त्यात कोंबडीला अक्रोड-लसणाचा दाट रस्सा असतो. आपल्याला शेंगदाण्याची चटणी चांगली ठाऊक आहे. तिच्यात शेंगदाण्याचा एक तृतीयांश भाग काढून अक्रोड घाला. पूर्ण अक्रोडाची करू नका. मिक्सरला सलग फिरवलं की तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. थांबून थांबून फिरवा.

आणि कुठे पैसे घालू नयेत? माझा अनुभव असा की केशर अक्रोडाखाली दबून जातं. महाग मसाला आणि महाग मेवा एकत्र आणून एकाचीच चव लागणार असेल, तर दुसऱ्याचा खर्च फुकट.

आता हिशेब

पेन घ्या. खालचे भाव फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे भाव टाकून स्वतः गणित करा. अक्रोडगर किलोला 1200 रुपये, बिनबियांचा खजूर 300 रुपये, तूप-तीळ वगैरे 100 ग्रॅमचे 60 रुपये.

पहिला लाडू: 500 ग्रॅम अक्रोड आणि 400 ग्रॅम खजूर. खर्च 600 + 120 + 60 = 780 रुपये.

दुसरा लाडू: 300 ग्रॅम अक्रोड आणि 600 ग्रॅम खजूर. खर्च 360 + 180 + 60 = 600 रुपये.

दोन्हींचे 25 ग्रॅमचे 40 लाडू होतात. पहिला पडला साडेएकोणीस रुपयांना, दुसरा पंधराला. आणि चवीला दुसराच उजवा, कारण खजुराने तुरटपणा सांभाळला. जास्त अक्रोड म्हणजे जास्त दर्जा, हा गैरसमज आजच सोडा. मात्र लेबलवर घटक खरे आणि प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहा. खजूर जास्त असेल तर नाव आधी खजुराचं.

खरेदी आणि साठवण

भांडुपहून स्लो लोकल पकडली की गाडी न बदलता मस्जिद स्टेशन येतं. तिथल्या मेव्याच्या बाजारात जा, पण पहिल्या दिवशी फक्त बघायला आणि चाखायला. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: माल कुठला, आणि कोणत्या हंगामाचा? काश्मीरचा अक्रोड सप्टेंबरच्या आसपास उतरतो, चिलीचा मार्च-एप्रिलच्या सुमारास. चावून बघा. रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास आला तर भाव कितीही कमी असो, परत ठेवा. केकसाठी तुकडा गर चालतो, तो अख्ख्या अर्ध्या फाकांपेक्षा स्वस्त पडतो.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये. आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात ओट्यावरची बरणी म्हणजे नुकसानीला आमंत्रण.

चव घरच्यांना विचारू नका

घरचे प्रेमापोटी खोटं बोलतात. तीन जोड्यांचे नमुने करा, वाट्यांवर फक्त 1, 2, 3 लिहा आणि दहा अशा लोकांना द्या ज्यांना तुमचं मन राखायची गरज नाही. "कसं झालंय?" विचारू नका. "पैसे देऊन यातलं एकच न्यायचं तर कोणतं न्याल?" एवढंच विचारा.

दुसरी परीक्षा टिकण्याची. विक्रीच्याच पॅकिंगमध्ये पाच डबे बंद करा आणि पहिल्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, तिसाव्या दिवशी एकेक उघडा. वास कधी बदलला ते वहीत लिहा. तुमची 'बेस्ट बिफोर' तारीख त्याच्या बरीच अलीकडची हवी.

आणि कायद्याचं काम टाळू नका. विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी करा. अक्रोडाची अॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून पदार्थात अक्रोड आहे हे डब्यावर ठळक लिहा.

ताईंचं पुढे काय झालं?

बर्फी बंद केली. उरलेला अक्रोड भाजून, चोळून तीन नमुने केले: खजूर-जायफळ लाडू, अंजीर वडी आणि लसूण चटणी. दहा जणांत सहा मतं चटणीला पडली! ताईंना वाटत होतं लाडूच जिंकणार. चार हजार अजून पूर्ण वसूल झालेले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. पण चटणीची बरणी घेऊन गेलेली गिऱ्हाइकं आता रिकामी बरणी घेऊन परत येतात. धंदा उभा राहतो तो या दुसऱ्या फेरीवर.

तुमचा गृहपाठ: या रविवारी फक्त 200 ग्रॅम अक्रोड आणा. त्याचे चार भाग करा, चार वाटांनी चार नमुने करा आणि निकाल वहीत लिहा. भिशीला हात लावायचा तो त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. शिकत राहा, हिशेब लिहीत राहा!