कादंबरीचा आठवडा

गुरुवारी दुपारपर्यंत माझ्या कादंबरीचा पुढचा भाग पुरवणीच्या कचेरीत पोचावा लागतो. रविवारी तो छापून येतो, सोमवारी वाचकांचे फोन येतात आणि मंगळवारी पहाटे मी त्याच्या पुढच्या भागाला बसते. कॉलेजातले तास, घर, सासूबाईंचं औषधपाणी, सगळं याच आठवड्यात बसवायचं असतं. क्रमशः कादंबरी लिहिणारी माणसं मराठीत आता थोडी उरली आहेत. मी या वाटेला लागले ती हरि नारायण आपट्यांमुळे.

हरिभाऊंचं नाव बहुतेकांना शाळेत कळतं आणि शाळेबरोबरच सुटतं. मला ते पुन्हा भेटले ते त्यांच्या कामाच्या पद्धतीमुळे. ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळ्याला त्यांचा जन्म झाला, पण सगळं कर्तृत्व पुण्यात घडलं. ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी १८८५ साली ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. १८९० साली त्यांनी स्वतःचं ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच भागाभागाने वाचकांपर्यंत गेली. पुढे ‘मी’ आली, ‘उषःकाल’ आली, ‘गड आला पण सिंह गेला’ आली. साप्ताहिक पाव शतकाहून जास्त चाललं.

या काळात हा माणूस केवळ कादंबऱ्या लिहीत नव्हता. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. संस्कृत पोथ्या जमवायच्या, त्या तपासून ग्रंथ छापायचे, हे तिचं काम. तिचा कारभार हरिभाऊंनी वाहिला. शिवाय पुण्याच्या नगरपालिकेचं काम होतं, सभा होत्या, लोकांची येजा होती. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. आनंदाश्रम आजही बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाजवळ उभा आहे. त्या बाजूला वह्या-कागद घ्यायला गेले की मी दारापाशी थोडी थांबते. पोथ्यांचे हिशेब, छापखान्याची कामं, गावच्या तक्रारी, हे सारं सांभाळून एक माणूस आठवड्यामागून आठवडा ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूची गोष्ट पुढे नेत होता, ही जाणीव मला दर वेळी बळ देते. निवांतपणा मिळाला की लिहू, असं म्हणत मी पुष्कळ वर्षं घालवली असती. हरिभाऊंचा दिनक्रम समोर असताना तसं म्हणायची सोय राहत नाही.

माझा आठवडा खरा सुरू होतो शुक्रवारी, आणि तो ऐकण्यात जातो. सध्याच्या कादंबरीची निवेदक एक पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई आहे. साताऱ्याकडून लग्न होऊन पुण्यात आली, नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर तिने घरातच डबे सुरू केले, मग पेठेत एक गाळा भाड्याने घेतला. हे पात्र माझ्या कल्पनेतलं. तिची भाषा मात्र कल्पनेतून येत नाही. त्यासाठी ओळखीच्या एका केंद्रात मी पहाटे जाऊन बसते. तिथे चारच्या सुमाराला कणीक भिजते. पोळ्या लाटायला येणाऱ्या बायका साडेचारपर्यंत येतात. एक गोळे करते, दोघी लाटतात, एक तव्यापाशी उभी असते. भाजलेली पोळी फडक्यावर टाकायची, तूप किंवा तेलाचं बोट फिरवायचं, पाचपाचाची चवड लावायची. नऊपर्यंत हात थांबत नाहीत, आणि तोंडंही थांबत नाहीत.

मी वहीत लिहून घेते ते प्रसंग नसतात, बोलण्याची वळणं असतात. या बायका वेळ घड्याळावर सांगत नाहीत. ‘नळ गेल्यावर’, ‘दुसरा घाणा चालू असताना’, ‘शाळेचे डबे गेल्यावर’ असं त्यांचं कालमापन. थकले असं कुणी म्हणत नाही, ‘आज हात चालत नाही’ म्हणतात. नवऱ्याबद्दल बोलताना नाव येत नाही, ‘घरी’ असा शब्द येतो: ‘घरी आवडत नाही मी उशीर केलेला.’ पैशाची अडचण असेल तर आधी दुसरीचीच गोष्ट सांगतात, स्वतःची शेवटी. हा क्रम मला कादंबरीत जसाच्या तसा ठेवावा लागतो. तो बदलला की बाई खोटी होते.

हे ऐकणं मी हरिभाऊंकडून शिकले. ‘पण लक्षात कोण घेतो’ हे यमूचं आत्मकथन आहे. लिहिणारा तिशीच्या आतला पुरुष, इंग्रजी शिकलेला, आगरकरांसारख्यांच्या सहवासात वाढलेला. सांगणारी मात्र एका कर्मठ घरातली मुलगी. सासर-माहेरची बोलणी, स्वयंपाकघरातली कुजबुज, वडिलांचा धाक, भावाशी होणारे हट्टाचे आणि मायेचे संवाद, हे सगळं तिच्याच तोंडून आलं. नवऱ्याच्या सोबतीने मुंबईत मिळालेले सुखाचे दिवस, मग त्याचा मृत्यू आणि सासरच्या शंकरमामंजींनी जबरदस्तीने करवलेलं केशवपन, इथपर्यंत वाचक तिच्यासोबत जातो. ज्यांच्या घरात हे घडत होतं, त्याच घरांत हे साप्ताहिक वाचलं जात होतं. या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊंनी ‘आजकालच्या गोष्टी’ म्हटलं, ते याच अर्थाने मला पटतं. दूरच्या काळाचा आडोसा त्यांनी घेतला नव्हता. सुधारणेचा मुद्दा निबंधातून मांडणारे त्या काळी पुष्कळ होते. हरिभाऊंनी तो एका मुलीच्या आवाजात मांडला, आणि निबंध मिटल्यावरही तो आवाज कानात राहिला.

त्या आवाजाची एक बांधणी आहे, आणि ती मी पेन्सिल घेऊन अभ्यासली. यमू लहानपणच्या गोष्टी सांगते तेव्हा सांगणारी यमू मोठी झालेली असते, पुष्कळ सोसलेली असते. पण प्रसंगातल्या लहान यमूला जेवढं कळत होतं तेवढंच ती आधी सांगते. अर्थ मागाहून येतो, कधी येतही नाही. प्रथमपुरुषी निवेदनातली सगळी ताकद या दोन वयांमधल्या अंतरात आहे. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक प्रसंगापुढे मी दोन ओळी लिहिते: तेव्हा तिला काय माहीत होतं, आणि आता काय माहीत आहे. पहिल्या ओळीतली गोष्ट प्रसंगात घालायची, दुसरीतली शक्यतो अडवून धरायची. गाळ्याच्या मालकाने भाडं वाढवलं तेव्हा तिला वाटलं होतं, महागाई आहे. खरं कारण तिला दोन वर्षांनी कळणार आहे. वाचकालाही तोवर थांबायला हवं.

लिहायला मी मंगळवारी आणि बुधवारी पहाटे बसते. हाताने, पाठकोऱ्या कागदांवर. परीक्षा विभागातून रद्द झालेल्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे असतो. चांगल्या वहीवर हात आखडतो, पाठकोऱ्यावर मोकळा चालतो. एका भागाला दीड हजार शब्दांची जागा. त्यात एक प्रसंग पुरा व्हावा लागतो, आधीचं विसरलेल्या वाचकाला धागा मिळावा लागतो, आणि पुढच्या रविवारची ओढ राहावी लागते. धागा देण्यासाठी ‘मागील भागात’ असा मजकूर मी देत नाही. एखादं पात्र दुसऱ्याला झाली गोष्ट सांगतं, आणि सांगताना थोडी बदलून सांगतं. वाचकाला आठवणही होते आणि त्या पात्राचा स्वभावही कळतो.

टेबलावर कालनिर्णय उघडं असतं. कादंबरी वाचकाच्या वर्षातून चालत असते, तेव्हा सण तिला चुकवता येत नाहीत. श्रावणात उपासाचे डबे वाढतात, साबुदाण्याचा भाव विचारावा लागतो. गणपतीत घरोघरी उकडीच्या मोदकांची मागणी येते आणि बायका रात्री जागतात. पितृपक्षात वड्यांची, खिरीची कामं येतात. मे महिन्यात हॉस्टेलं रिकामी झाली की डबे निम्म्यावर येतात आणि लाटणाऱ्या बाईला ‘जूनपर्यंत येऊ नको’ सांगावं लागतं. कथानकातला सगळ्यात अवघड प्रसंग मला या मे महिन्याने दिला.

बुधवारी दुपारी मी लिहिलेला भाग सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांची नजर अधू झाली आहे, कान तल्लख आहेत. त्या कौतुक करत नाहीत. ‘असं कुणी म्हणत नाही’ एवढं एकच वाक्य त्यांच्याकडून येतं, आणि ते आलं की ती ओळ जाते. मोठ्याने वाचताना मला स्वतःलाही कळतं. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य पुस्तकी झालेलं असतं. ‘करमणूक’च्या काळात घरात एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत पुष्कळ घरांत होती. हरिभाऊंची लांब वाक्यंही तोंडाने वाचली की सोपी होतात, याचं कारण मला तिथे सापडलं.

रात्री भाग टंकलिखित करते. मी युनिकोडमध्ये टाइप करते, पुरवणीचं पान मात्र जुन्या फॉन्टात लागतं. रूपांतरात काही अक्षरं मोडतात. ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘पोऱ्या’ असे शब्द मी मुद्दाम शोधून तपासते, रफार सरकलेला आहे का पाहते. आयत्या वेळी जाहिरात आली की पानावरची जागा कमी होते आणि मजकूर कापावा लागतो. म्हणून प्रत्येक भागात एक परिच्छेद असा ठेवते, जो गेला तरी धागा तुटणार नाही, आणि त्याला समासात खूण करून पाठवते. पुस्तक करताना ते परिच्छेद परत जागेवर येतात.

सोमवारी फोन. मिरजेच्या एका बाईंनी विचारलं, ‘तिने मुलीला केंद्रावर कशाला बसवलं? परीक्षा आहे ना तिची?’ एका निवृत्त गृहस्थांनी गाळ्याच्या भाडेकराराचा मसुदा कसा असतो ते समजावून सांगितलं. माझा नियम ठरलेला आहे: वाचकांच्या आग्रहाखातर कथानकातली घटना बदलायची नाही. पण त्यांचं लक्ष कुठे गेलं ते पाहायचं. त्या मुलीची परीक्षा माझ्या आराखड्यात एका ओळीची होती. फोननंतर तिला एक पूर्ण भाग मिळाला, आणि आता मला वाटतं की कादंबरीचा कणा तिथेच आहे. घरी बसून सलग लिहिलं असतं तर ती एक ओळच राहिली असती.

या पद्धतीत धोकाही आहे, आणि तो हरिभाऊंच्याच कामात दिसतो. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. ‘सूर्यग्रहण’ त्यांतलीच एक. व्याप वाढतात, प्रकृती साथ देत नाही, गोष्ट फांद्या फोडत जाते. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षंही पुरी झाली नसताना, ते गेले. म्हणून पहिला भाग देण्यापूर्वी मी शेवटचा भाग लिहून ठेवते. तो पुढे पुष्कळ बदलतो, पण कुठे पोचायचं ते ठाऊक असतं. मधली वाट आठवड्यांनी ठरवावी, मुक्काम आधी ठरलेला असावा.

मराठी कादंबरी वाढली ती नियतकालिकांच्या पानांवर. वाचक आणि लेखक यांच्यात दर आठवड्याचा व्यवहार होता म्हणून हरिभाऊंच्या हातून यमू घडली, असं माझं मत आहे. आज कादंबरी थेट पुस्तक होऊन येते. ती लिहिली जात असताना वाचकाला तिचा पत्ता नसतो, आणि लेखकाला वाचकाचा. पुरवण्यांच्या आणि साप्ताहिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: वर्षाला एका कादंबरीला अर्धं पान द्या, आणि ते नव्या लेखकाला द्या. त्याला गुरुवारची तारीख द्या आणि ती पाळायला लावा. आणि वाचकहो, तो भाग आवडला नाही तरी कळवा. कुठे अडलात, कुणाची काळजी वाटली, कोणतं वाक्य खोटं वाटलं, ते सांगा. लिहिणाऱ्याला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.